चौऱ्यांशीच्या शिळेवरची नावे

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकीची गर्दी ओसरली होती आणि आम्ही राउळात चौऱ्यांशीच्या शिळेपाशी उभे होतो. एवढ्यात एक म्हातारी माउली आली. बहुधा मराठवाड्याकडची असावी, बोलण्याचा हेल तसा होता. तिने पदर सावरला, शिळेस पाठ लावली, दोनदा घासली आणि हात जोडले. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून हा प्रघात. आम्हीही लहानपणी वडिलांचे बोट धरून तेच केले होते. पण जाता जाता म्हातारी थांबली आणि आमच्या गळ्यातली माळ, कपाळाचा बुक्का पाहून विचारती झाली, "महाराज, ह्या दगडावर काय लिवलंय हो?"

आम्हांस उत्तर देता येईना. इतक्या वाऱ्या झाल्या, चार ठिकाणी प्रवचनास उभे राहिलो, लोक पायांवर डोके ठेवतात, आणि रोजच्या पाहण्यातल्या दगडावर काय लिहिले आहे ते ठाऊक नाही! "देवाचंच असंल काहीतरी," असे पुटपुटून वेळ मारून नेली. म्हातारी समाधान पावून गेली. आमचे समाधान मात्र त्या दिवशी गेले ते गेलेच. पुढे जाणत्यांपाशी बसून, त्यांची पुस्तके वाचून जे थोडेफार कळले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे सांगून टाकू की त्या शिळेवर योनींचा हिशेब नाही. तिथे माणसांची नावे आहेत. शके ११९५ पासून शके ११९९ पर्यंत, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ ह्या चार-पाच वर्षांत विठ्ठलाच्या राउळासाठी ज्यांनी देणगी दिली त्यांची ती यादी. कोणी काय दिले ते एकाखाली एक कोरीत गेले. म्हणजे आजच्या बोलीत सांगायचे तर ती देणगीदारांची पाटी होय. देवळाच्या भिंतीवर संगमरवरी फरशी लावतात ना, "अमक्याच्या स्मरणार्थ" म्हणून? तीच गोष्ट, साडेसातशे वर्षांपूर्वीची.

शक आणि सन यांचा मेळ कसा घालावा हे येथेच सांगून ठेवतो, पुढे वारंवार लागेल. शकात ७८ मिळवले की सन येतो. माउलींची समाधी शके १२१८ च्या कार्तिकात. ७८ मिळवा, १२९६ झाले. मात्र पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावे, कारण इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलते आणि आपले चैत्रात. पुष्कळ भांडणे एवढ्या एका वर्षाच्या फरकावरून होतात.

आता ते साल डोळ्यांपुढे आणा. नामदेवराय जन्मले शके ११९२ त. म्हणजे ह्या शिळेवर पहिले नाव कोरले गेले तेव्हा ते तीन वर्षांचे आणि शेवटले कोरले तेव्हा सात वर्षांचे. टाकीचा आवाज त्या पोराच्या कानी पडला असेल की नाही, सांगता येत नाही. पण गाव तेच, राउळ तेच. माउलींचा जन्म शके ११९७ चा धरतात. म्हणजे यादी अर्धी झाली असता ते पाळण्यात होते. ज्ञानेश्वरीस अजून पंधरा-सतरा वर्षे अवकाश होता. पुष्कळांची समजूत अशी की पंढरीची वारी संतांनी सुरू केली. शिळा म्हणते, नाही. संत जन्मले तेव्हा पंढरी आधीच गजबजलेली होती. ज्ञानदेवांच्या वडिलांनी वारी केली असे आपणही कीर्तनात सांगतो, पण त्याचा अर्थ कधी मनावर घेत नाही.

त्या यादीत देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आहे, त्याचा मंत्री हेमाद्री पंडितही आहे. राजाला तिथे पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटले आहे. फड! हा शब्द वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आपण आजही 'आमचा फड', 'अमक्या महाराजांचा फड' म्हणतो तोच हा शब्द, आणि तो दगडावर. त्या वेळच्या फडाची रचना आजच्यासारखीच होती असे कोणी म्हणू नये. परंतु पंढरीस येणाऱ्यांचा काही एक मेळा, त्याची काही एक व्यवस्था तेव्हा होती आणि राजाला तिचे प्रमुखपण मिरवावेसे वाटले, एवढे ह्या एका शब्दावरून दिसते. आणि राजा, मंत्री सोडले तर बाकीची नावे कोणाची? ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही अशा माणसांची. भाषाही एक नव्हे, मराठीच्या जोडीला संस्कृत आणि कानडी. कर्नाटकातला भक्त आणि गोदातीरीचा भक्त एका दगडावर शेजारी बसले आहेत.

पंढरीत ही एकच शिळा आहे असे नव्हे. शके ११११ (सन ११८९) चा, यादव भिल्लमाच्या काळचा एक लेख आहे. त्या वेळी विठ्ठलाचे लहानसे देऊळ असल्याचे त्यावरून विद्वान सांगतात. सन १२३७ चा लेख मंदिरातल्या तुळईवर आहे. त्यात होयसळ राजा सोमेश्वराने देवाच्या भोगासाठी एक गाव दिल्याची नोंद आहे. होयसळ म्हणजे कर्नाटकातले, द्वारसमुद्राचे. 'कानडा विठ्ठल' म्हणताना आपण त्याचे नाना अर्थ सांगतो, त्यांत हाही एक धरून ठेवावा. सन १२४९ च्या यादव कृष्णाच्या ताम्रपटात भीमरथीच्या काठच्या पौंडरीक क्षेत्राचा उल्लेख आहे. पुंडलिकाचे नाव क्षेत्रास लागलेले त्यात स्पष्ट दिसते. याहून फार मागे, राष्ट्रकूट राजा अविधेय याच्या ताम्रपटात पांडरंगपल्ली असे एक नाव येते, आणि काही उत्साही मंडळी लगेच "हीच पंढरी" म्हणून टाळी वाजवतात. विद्वानांत त्याविषयी एकमत नाही. ते गाव दुसरीकडे होते असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. देवाचे मोठेपण ताम्रपटाच्या जुनेपणावर अवलंबून नाही, तेव्हा उगाच ओढून आणण्याची आपल्याला गरजही नाही.

असो. आमच्या मनात यावरून जो प्रश्न उभा राहिला तो असा. शाळेत आपण इतिहास शिकलो तो राजांचा. अमका गादीवर बसला, तमक्याने स्वारी केली, अमुक साली मेला. मग आपल्यासारख्यांचे काय? कुणबी, कोष्टी, माळी, सुतार, तेली हे दोन हजार वर्षे काय करीत होते? त्यांचा इतिहास नाहीच काय? चौऱ्यांशीच्या शिळेने आम्हांस एक वाट दाखवली, की राजाच्या दानपत्रात शोधू नका, देवळा-लेण्यांच्या देणगीदारांत शोधा. त्या वाटेने मागे मागे गेलो ते थेट नाशिक, कार्ले, जुन्नर येथवर पोचलो.

कार्ल्याचे लेणे पुष्कळांनी पाहिले असेल. दारातच एकवीरा आईचे देऊळ आहे, कोळी मंडळी नवसाला येतात. आत मोठे चैत्यगृह आहे. बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते कोरले. ते कोणा एका राजाने कोरविले नाही. दर्शनी भागाचे काम धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाराने, करविले. सामी नावाच्या सुताराचेही नाव दाराच्या कामाशी कोरलेले आहे. आतले काही खांब यवनांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीक म्हणविणारे. व्यापारासाठी आले, इथलेच झाले, इथल्या देवधर्माला खांब देऊ लागले. तिकडे कोकणात कुड्याच्या लेण्यात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. कऱ्हाडचा माणूस घाट उतरून कोकणात दान करतो! जुन्नरास धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची पंचायत म्हणा, पेढी म्हणा, दोन्ही तीच. जुन्नरच्या लेखांत बुरुडांची श्रेणी आहे, कासारांचीही आहे.

हे वाचताना वारकऱ्याच्या मनात दुसरी यादी आपोआप उभी राहते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. माणसाच्या नावाला त्याचा धंदा चिकटलेला, आणि त्या नावाने त्याची पुण्याई लोकांच्या लक्षात राहिलेली. बौद्ध लेण्यांतले देणगीदार आणि आपले संत यांचा पंथ एक नव्हे, काळ एक नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण "मी सुतार, हे माझे दान" असे सांगण्यात त्या माणसाला कमीपणा वाटत नव्हता, हे दोन्हीकडे दिसते.

आता नाशिकच्या लेण्यातला एक लेख नीट सांगतो, कारण त्यात हिशेब आहे आणि हिशेब आपल्या लोकांना फार लवकर कळतो. क्षहरात वंशाचा नहपान नावाचा शक राजा होता. हे शक लोक मुळचे बाहेरून आलेले. त्याचा जावई उषवदात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने त्रिरश्मी डोंगरात, ज्याला आज आपण पांडवलेणी म्हणतो तेथे, भिक्षूंना राहण्यास लेणे करविले आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण ठेव ठेविली. कार्षापण हे तेव्हाचे नाणे. ठेव ठेविली कुठे? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणीत! दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी काढायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे.

हिशेब करून पाहा. दोन हजारांचे शेकडा एकने महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. पावसाळ्यात चातुर्मासासाठी तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावे असे लिहिले आहे. वीस बारे दोनशे चाळीस. चोख! एक पै इकडे तिकडे नाही. उरलेल्या हजारावरचे वर्षाचे नव्वद किरकोळ खर्चाला. आणि हे सर्व नगराच्या सभेत वाचून दाखवून, नोंदवून घेतले असेही त्यात आहे. ज्या कोष्ट्याला आपण अडाणी समजतो, त्याच्या पूर्वजांकडे राजाचा जावई रक्कम ठेवीत होता आणि ती बुडणार नाही असा भरवसा बाळगीत होता. आमच्या गावच्या पतपेढीची आठवण होऊन आम्ही मनातल्या मनात हसलो. पण ते येथे नको.

ह्याच उषवदाताने नद्यांवर फुकट नावा ठेविल्या. दमण, तापी, डहाणूची नदी अशी नद्यांची नावे लेखात दिलेली आहेत. पैलतीरी जायला पैसा पडू नये ही त्याची इच्छा. आषाढीला भरलेल्या चंद्रभागेपुढे जो उभा राहिला असेल त्याला ह्या दानाची किंमत सांगावयास नको. भडोच, दशपूर, गोवर्धन, सोपारा येथे त्याने उतरण्याच्या जागा बांधविल्या. आणि हा माणूस शक, बाहेरच्या कुळातला! त्याच्या बायकोनेही, दक्षमित्रेने, लेण्यात एक खोली दिली आहे.

येथे पंचांगाची एक गंमत सांगितलीच पाहिजे. आपण संकल्पात 'शालिवाहन शके' म्हणतो. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक सजीव करून शत्रू जिंकला आणि शक सुरू केला, ही कथा आपण आजीकडून ऐकली. पण जुन्या लेखांत त्या कालगणनेस शकांच्या राजाचे वर्ष म्हटले आहे. शालिवाहनाचे नाव तीस पुढे शेकडो वर्षांनी लागले. ज्या सातवाहनांवरून शालिवाहन झाले त्या गौतमीपुत्र सातकर्णीने ह्याच नहपानाचा पाडाव केला हे खरे. सन १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी नहपानाची. आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला! जिंकणे म्हणजे काय ते त्या नाण्यांवर दिसते. पण मौज अशी की राजा हरला, त्याच्या नाण्यावर दुसऱ्याचा छाप बसला, आणि शकांचे नाव मात्र आपल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत राहिले. बाहेरून आलेला आणि मुळचा, हरलेला आणि जिंकलेला, सारे कालवले जाऊन आपण झालो आहोत. "आमचे कूळ शुद्ध" म्हणणाराने एकदा संकल्प नीट म्हणून पाहावा.

मग ह्या लेण्यांना 'पांडवलेणी' का म्हणू लागले? लेख तर समोर होते. कारण साधे आहे, ती ब्राह्मी लिपी वाचणारे संपले. अक्षरे भिंतीवर, आणि वाचणारा कोणी नाही. मग लोकांनी आपल्या माहितीतला थोर माणूस तेथे आणून बसविला. वनवासात पांडव येथे राहिले म्हणाले. सन १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने ब्राह्मीचा उलगडा केला आणि मग सुतार, गंधी, कोष्टी हे हजारो वर्षांनी पुन्हा बोलू लागले. चौऱ्यांशीच्या शिळेचेही असेच झाले. अक्षरे आपलीच, नागरी. पण वळण जुने पडले, वाचणारे उरले नाहीत, आणि मग चौऱ्यांशी लक्ष योनी तेथे आल्या. पाठ घासणाऱ्या माउलीस आम्ही हसत नाही. तिचा भाव खरा आहे. परंतु तिच्या आणि आमच्या पाठींनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी, ती अक्षरे झिजली हेही खरे आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीचा एखादा भक्त, दोन नाणी गाठीला बांधून कोसोकोस चालत आला, "माझे नाव देवाच्या दारी राहो" म्हणाला. आणि आपण मुक्तीच्या आशेने ते नाव पुसले. याला काय म्हणावे?

मराठी भाषेच्या पहिल्या लेखांविषयी दोन शब्द. शाळेत श्रवणबेळगोळचा लेख शिकवितात. अलिबागजवळ आक्षी येथे शके ९३४ चा आहे. पण वारकऱ्याला जवळचा वाटावा असा लेख भीमेच्याच काठी आहे. सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम होतो. तेथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० (सन १०१८) चा मराठी लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार ह्यांनी तो उजेडात आणला. रानोमाळ हिंडून, देवळांच्या वळचणी धुंडाळून शिलालेख शोधणारा हा माणूस होता. त्या लेखाच्या अखेरीस, जो हे वाचील त्याचा विजय होवो, अशा अर्थाचे वाक्य आहे. लिहिणाराने अभय दिले आहे ते हात लावणाऱ्याला नाही, पाठ घासणाऱ्याला नाही, वाचणाऱ्याला! पंढरीच्या खाली तीच भीमा वाहत जाऊन तेथे पोचते.

आणखी एक लेख खानदेशातला. चाळीसगावाजवळ पाटण येथे पाटणादेवीच्या देवळात शके ११२८ चा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला. निकुंभ वंशाच्या सोइदेवाने मठास दान दिले. वरचा भाग संस्कृतात, देवस्तुती, वंशावळ, सगळे थाटाचे. पण जिथे प्रत्यक्ष वसुलीची गोष्ट आली तिथे भाषा मराठी झाली! कोणत्या मालावर काय द्यावे ते मराठीत लिहिले आहे, आणि तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळीभर तेल. असे का? संस्कृत पंडितांसाठी, पण तेल्याला समजले पाहिजे ना पळी किती द्यायची ते! भास्कराचार्यांचे गणित ज्या दिव्याखाली विद्यार्थी शिकले त्या दिव्यात गावच्या तेल्यांचे तेल होते. लीलावतीचे नाव सर्वांस माहीत आहे. घाण्याभोवती फिरणाऱ्याचे नाव त्या लेखातही नाही, पण त्याची पळी तरी आहे.

येथवर आम्ही शिळांची थोरवी गायिली. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख अर्धा राहील.

चौऱ्यांशीच्या यादीत नाव कोणाचे लागले? जो आत जाऊ शकला त्याचे, ज्याच्या गाठी देण्यास काही होते त्याचे. त्याच काळात, त्याच पंढरीत चोखोबा होते. त्यांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. देवाचे राउळ राजाच्या, मंत्र्याच्या, दूरदूरच्या भक्तांच्या देणगीने सजत होते. आणि ज्याच्या तोंडी त्या देवावाचून दुसरे नाव नव्हते, तो दाराबाहेर. शिळेवर त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता भिंत कोसळून, इतर मजुरांबरोबर ते गेले. शके १२६० ही ती साल सांगतात. नामदेवरायांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आत नव्हे, समोर.

मंगळवेढ्याच्या त्या भिंतीचा विचार करा. दुसऱ्या कोणत्याही गावची भिंत पडून दहा-वीस वेठीचे मजूर मेले असते तर इतिहासाला पत्ता लागला असता काय? किती भिंती पडल्या असतील, किती किल्ल्यांच्या पायांत, किती लेण्यांच्या कोरणीत माणसे गेली असतील! त्यांच्यासाठी कोणी टाकी उचलली नाही. ह्या एका भिंतीची आठवण राहिली, ती चोखोबांमुळे, आणि चोखोबांची राहिली ती त्यांच्या अभंगांमुळे, सोयराबाईंच्या, बंका महारांच्या अभंगांमुळे. हे अभंग कोणत्याही राजाने दगडावर कोरविले नाहीत. ते कंठात राहिले. टाळाच्या ठेक्यावर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले आणि म्हणून आज आपल्यापाशी आहेत. दगड झिजला, ताम्रपट जमिनीत पुरले गेले, लिपी विसरली गेली. पण पाठांतर चालू राहिले. कंठस्थ गोष्टीत भर पडते, फरक होतो, कोणाचा अभंग कोणाच्या नावावर जातो, हा दोष तिच्यात आहेच, आणि अभ्यासकांनी तो दाखविला तर रागावू नये. परंतु ज्यांना दगड मिळाला नाही त्यांचा इतिहास जर कोठे असेल तर तो येथे आहे. म्हणून शिळा आणि गाथा दोन्ही हाती घेऊन बसावे लागते. एकटी शिळा वाचली तर वाटेल की तेराव्या शतकात पंढरीत सगळे धनिक आणि दानशूर होते. एकटी गाथा वाचली तर राजा, मंत्री, व्यापारी, गाव इनाम देणारे होयसळ, हे सगळे दिसेनासे होतील.

चोखोबा बाहेर राहिले ते किती काळ? त्यांच्या लोकांना आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात पंढरीस उपोषण केले आणि दार उघडले. चोखोबांच्या निधनाला तोवर सहाशेवर वर्षे झाली होती. आपल्या मंडळींतही त्या वेळी विरोध करणारे पुष्कळ होते, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

राजाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. ज्या रामचंद्रदेवास शिळेने फडाचा मुख्य म्हटले, त्याच्या देवगिरीवर सन १२९६ च्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि अगणित द्रव्य घेऊन गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस कार्तिकात माउलींनी आळंदीस समाधी घेतली. पुढे बावीस वर्षांत यादवांचे राज्य पार बुडाले. राजाने पंढरीस जे दिले असेल त्याचे काय झाले कोण जाणे. वारी चालू राहिली, कारण ती खजिन्यावर चाललेली नव्हतीच.

आता कामाची गोष्ट. आषाढीला आपल्या दिंड्या शेकडो गावांतून जातात. मुक्कामाच्या गावी पारावर, वेशीत, पडक्या देवळापाशी, विहिरीच्या काठी दगड उभे असतात. त्यांपैकी कित्येक नुसते दगड नसतात. ज्यावर खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेत आहेत आणि सर्वांत वर तो पिंडीची पूजा करीत बसला आहे, तो वीरगळ. कधी खाली गाई कोरलेल्या असतात; म्हणजे गावची गुरे चोरांपासून सोडविताना कोणी तरी पडला त्याचे ते स्मारक. बहुधा त्यावर नाव नसते. ज्यावर चंद्र-सूर्य आणि खाली गाढवाचे ओंगळ चित्र आहे ते गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, जरब आहे. कित्येक गावी त्यालाच शेंदूर फासून आई म्हणून पुजतात! पुजा, आमची हरकत नाही. पण शेंदराचा थर अक्षरांवर चढवू नका. तेल ओतू नका. देऊळ दुरुस्तीला काढले की गवंडी अक्षरांच्या दगडावर रंग देतो, किंवा यंत्राने घासून 'स्वच्छ' करतो, किंवा उलटा करून पायरीला बसवितो. त्याला आधी थांबवा. अक्षरे दिसली तर त्यावर खडू-कोळसा फिरवू नये. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, अक्षरे आपोआप उठून दिसतात. गाव, जागा, दगडाची लांबी-रुंदी टिपून ठेवावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुरातत्त्व खात्याला किंवा महाविद्यालयातल्या इतिहासाच्या गुरुजींना कळवावे. पंढरीस सन २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचे काम चालू असता फरशीखाली तळघर लागले आणि जुन्या मूर्ती निघाल्या. तेव्हा आपल्या पायाखाली काय असेल ते सांगता येत नाही.

ज्यांना शिळेवरचे जुने नागरी वळण वाचावयास शिकण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी पुढील अंकी अ पासून अक्षरे घेऊ. पाटी-पेन्सिल घेऊन बसावे.

॥ पुंडलीकवरदा हरि विठ्ठल ॥